खालचा आवाज

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत
भिंतीला टेकलं की पाठ पांढरी व्हायची.
त्या भिंतीवर मी खळीने चिकटवला होता
ॲल्रिक डिमेलो,
मागे जरा धूसर, 'चार खिडक्या'मधले बाकीचे तिघे.
आई म्हणाली, देवासमोर नको.
मग कपाटाच्या दाराला, आतून.
परकर काढताना रोज दिसायचा,
गिटार धरून, दुसरीकडेच बघत.

अण्णा तुर्भ्याला कांद्याच्या गोणी उचलायचे.
पहिली कॅसेट त्यांनीच आणली,
मार्केटातल्या कुणा गुजराती पोराने टाकून दिलेली.
म्हणाले, बघ चालते का.
चालली.
अण्णांच्या शर्टासारखाच
तिच्या डबीला महिनाभर कांद्याचा वास होता.

ॲल्रिकचा सूर माझ्या गळ्याला पोचायचा नाही.
वरच्या पट्टीत गेले की शेजारची पार्वताक्का
भिंतीवर लाटणं आपटायची.
म्हणून मी खालचा आवाज शिकले,
नोएलचा.
कॅसेटच्या कागदावर ज्याचं नाव
मुंगीएवढ्या अक्षरात होतं, त्या नोएलचा.
तो आवाज ऐकूच येत नाही लोकांना.
काढून घेतला तर म्हणतात,
गाणं आज असं पातळ का लागतंय?

पंच्याण्णवला ॲल्रिक चौघांतून निघाला.
का, ते मला विचारू नका.
कुणी म्हणालं पैसे, कुणी म्हणालं बाई.
मी चार दिवस नीट जेवले नाही,
आणि सासूबाईंना वाटलं, दिवस गेले.
(गेलेही होते. ती वेगळी गोष्ट.)

त्याच्या एकट्याच्या कॅसेटी मी सगळ्या घेतल्या.
नंतर सीड्या, नंतर मुलीच्या फोनवर.
पण खरं सांगू?
त्याला एकटं मी कधी ऐकलंच नाही.
मोरीत भांडी घासताना, कणीक मळताना,
नोएलची जागा येईल तिथे
माझं तोंड आपोआप उघडायचं.
नोएल वसईला वारला. पेपरात तीन ओळी होत्या.
त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या
आणि डाळीचा लगदा झाला.
सदाशिव मुकाट्याने जेवले.
माझ्या ह्या खुळाला ते 'तुझं ऑफिस' म्हणतात.

परवा सानपाड्याला, मुलीच्या सोसायटीचा पंचविसावा वाढदिवस.
पार्किंगमध्ये खुर्च्या, ढोकळा, आणि पाहुणा म्हणून
तो.
केस काळे केलेले, गुडघ्याला पट्टा.
बाकीचे तिघे लॅपटॉपमध्ये.
तिसऱ्या गाण्याला लाईट गेली.
पोरं ओरडली. सेक्रेटरी जनरेटरवाल्याला हाका मारत सुटला.
तो थांबला नाही.
माइकशिवाय, बारीक, थकलेल्या गळ्याने गात राहिला
आणि दुसऱ्या कडव्यापाशी
एक श्वासभर जागा सोडली.
तीच. नोएलची.
तीस वर्षं हा माणूस ती सोडत आला होता
आणि मला वाटायचं, मीच घुसते आहे.

मी गायले.
पाचव्या रांगेतून, पदर तोंडाशी धरून.
दोन ओळी असतील. फार तर तीन.
त्याने मान वळवली,
पण उलट्या बाजूला, लिफ्टकडे.
मग लाईट आली, लॅपटॉप मधूनच कुठूनतरी सुरू झाला,
टाळ्या पडल्या,
आणि त्याने जनरेटरवाल्याचे आभार मानले.

फोटोला रांग होती. मी गेले नाही.
डब्यात दोन ढोकळे घेतले, सदाशिवांना.

रात्री मुलीने व्हिडिओ दाखवला.
काळा पडदा, खुर्च्यांची खरखर,
कुणाचं तरी बाळ,
त्याचा आवाज, आणि त्याखाली
जरासा बेसूर एक.
"आई, हे मध्येच कोण गातंय गं?"

असेल कुणी बाई, म्हटलं.
परत लाव.